बीआरसीए पॉझिटिव्ह आलं, आता पुढे काय? आनुवंशिक स्तनकॅन्सरचा धोका आणि उपचारांचे निर्णय

बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकात दोष आहे असा रिपोर्ट आला की घरातलं सगळं बोलणं स्तनांभोवती फिरायला लागतं. काढायचे का, कधी, लग्नाचं काय, मुलांना पाजायचं राहिलं तर काय. हे साहजिक आहे. पण हा रिपोर्ट कॅन्सरचा नाही, कॅन्सरच्या शक्यतेचा आहे, आणि निरोगी स्त्रीला त्यावरून पुढच्या आठवड्यात ठरवावं लागेल असं त्यात जवळजवळ काही नसतं. आणखी एक गोष्ट मला सुरुवातीलाच सांगायची आहे. ज्या अवयवाबद्दल घरात कुणी विचारत नाही, त्या अंडाशयाचा निर्णय वयाशी सगळ्यांत घट्ट बांधलेला असतो. स्तनांवर लक्ष ठेवता येतं. अंडाशयावर भरवशाने लक्ष ठेवण्याची पद्धत आजही नाही.

हा दोष माझ्या वडिलांच्या घराण्यातून माझ्याकडे आला आहे, म्हणून हा लेख कळकळीने लिहिते आहे. यातलं वैद्यकीय ज्ञान तुमच्या डॉक्टरांसमोर नीट प्रश्न घेऊन बसता यावं यासाठी आहे. त्यांच्या सल्ल्याच्या जागी ते वापरू नका.

घराण्याचा कागद

स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. आपलं घर त्यात मोडतं का, हे ओळखण्याचं पहिलं साधन म्हणजे एक मोठा कागद आणि घरातली जुनी माणसं. तीन पिढ्या लिहून काढा. कोणाला कॅन्सर झाला, कुठला झाला आणि कितव्या वर्षी. वय फार महत्त्वाचं आहे. सत्तरीत झालेला आणि पस्तिशीत झालेला कॅन्सर यांचा अर्थ वेगळा असतो.

आपल्याकडे इथे दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे आईकडचीच बाजू मोजायची सवय. ‘आत्याला झाला होता, पण ते वडिलांकडचं’ असं म्हणून आत्या, चुलत बहिणी, वडिलांची आई यांना सोडून दिलं जातं. सदोष जनुक आईकडून जितकं येऊ शकतं तितकंच वडिलांकडूनही येतं. प्रत्येक मुलात, मग मुलगा असो की मुलगी, ते उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. वडील धडधाकट असतात, त्यांना स्तनाचा कॅन्सर सहसा होत नाही, आणि दोष न दिसता एक पिढी ओलांडून जातो.

दुसरी अडचण आजारांच्या नावांची. ‘पोटात पाणी झालं होतं’, ‘पिशवीचा कॅन्सर होता’, ‘गाठ पोटात फुटली’ अशा आठवणींमागे अनेकदा अंडाशयाचा कॅन्सर असतो. जुनी फाइल, बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड जे मिळेल ते शोधा. ‘पिशवी काढली’ हेही पुरेसं नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशय आणि बीजनलिका काढल्या की ठेवल्या, हे कागदावरूनच कळतं. आपल्या राज्यात कमी वयात पिशवी काढलेल्या बायका इतक्या आहेत की हा प्रश्न प्रत्येक घरात विचारावा.

पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, दोन्ही स्तनांत कॅन्सर, ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार (हार्मोनवर किंवा हर-२ या प्रथिनावर न वाढणारा), कुठल्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, किंवा एकाच बाजूला स्तन, अंडाशय, स्वादुपिंड, प्रोस्टेट असे कॅन्सर. यातलं काही तुमच्या कागदावर दिसलं तर जनुकीय समुपदेशन घ्या. परळचं टाटा हॉस्पिटल आणि खारघरचं त्याचंच उपचार व संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक इथे कॅन्सर जेनेटिक्सचा विभाग आहे. मोठ्या शहरांतल्या इतर कॅन्सर रुग्णालयांतही आता ही सोय असते.

चाचणी: आधी कोणाची, आणि रिपोर्ट कसा वाचायचा

शक्य असेल तर चाचणी आधी ज्या व्यक्तीला कॅन्सर झाला आहे तिची करावी. तिच्यात दोष सापडला की घरातल्या बाकीच्यांची फक्त तेवढ्या एका बदलासाठी चाचणी होते. ती बरीच स्वस्त पडते आणि तिचं उत्तरही स्वच्छ हो किंवा नाही असं येतं. उलट कॅन्सर न झालेल्या मुलीचीच आधी चाचणी केली आणि काही सापडलं नाही, तर दोष घरात नाहीच की आहे पण हिच्यात उतरला नाही की या चाचणीला तो दिसला नाही, हे सांगता येत नाही. आजारी मावशीला ‘आता तिला कशाला त्रास’ म्हणून वगळू नका. तिच्या एका नळीभर रक्ताने घरातल्या सगळ्या मुलींचं काम सोपं होतं.

चाचणी बीआरसीएपुरती न करता अनेक जनुकांच्या पॅनेलची करतात, कारण पॅल्ब-२, टीपी-५३, चेक-२, एटीएम यांच्यातले दोषही धोका वाढवतात. लॅबला एक प्रश्न जरूर विचारा: जनुकाचा मोठा तुकडा गायब असेल किंवा दुप्पट झाला असेल, तर तो या चाचणीत पकडला जातो का?

रिपोर्टात तीनपैकी एक गोष्ट असते. ‘पॅथोजेनिक’ किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ म्हणजे दोष सापडला. ‘निगेटिव्ह’ म्हणजे नाही सापडला. तिसरा प्रकार गोंधळाचा आहे: ‘व्हीयूएस’. जनुकात बदल दिसतो, पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. जगभरच्या जनुकीय नोंदींमध्ये भारतीयांचं प्रमाण कमी असल्यामुळे आपल्याकडे असे रिपोर्ट जास्त येतात. पुढे जसजशी माहिती जमते तसतसे यातले बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. म्हणून व्हीयूएसच्या आधारावर स्तन किंवा अंडाशय काढण्याचा निर्णय कधीही घेऊ नये. कोणी तसं सुचवलं तर दुसरं मत घ्या. अशा वेळी देखरेख घराण्याच्या इतिहासावरून ठरवायची आणि रिपोर्टचा अर्थ बदलला का, हे दर वर्ष-दोन वर्षांनी लॅबला विचारायचं.

आकडे स्वतःच्या वयाला लावून पाहा

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळपास दहा हजार वाहक, म्हणजे बीआरसीए दोष असलेल्या, स्त्रियांची नोंद ठेवली होती. वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता बीआरसीए-१ मध्ये ७२ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के निघाली. अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. यातल्या स्त्रिया मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या होत्या.

७२ हा आकडा वाचून छातीत धस्स होतं. पण तो जन्मापासून ८० वर्षांपर्यंतचा मिळून आहे. तुम्ही आज ५८ वर्षांच्या असाल आणि कॅन्सर झालेला नसेल, तर धोक्याची बरीच वर्षं मागे पडलेली असतात आणि उरलेला धोका ७२ पेक्षा पुष्कळ कमी असतो. तुम्ही २४ वर्षांच्या असाल तर पुढच्या पाच वर्षांतला धोका लहान असतो. बीआरसीए-१ मध्ये स्तनाचा धोका तिशीत झपाट्याने चढतो, बीआरसीए-२ मध्ये चाळिशीत. समुपदेशकाला असंच विचारा: ‘माझ्या वयाला, माझ्या जनुकाला, पुढच्या पाच आणि दहा वर्षांत किती?’ निर्णयाला उपयोगी पडतो तो हा आकडा.

जनुकाचं नावही नीट पाहा. पॅल्ब-२ चा स्तनाचा धोका साधारण ५० टक्क्यांच्या घरात जातो. चेक-२ आणि एटीएमचा धोका मध्यम असतो, आणि केवळ त्या जनुकाच्या जोरावर स्तन काढायला सहसा सांगत नाहीत. शेजारणीने जे केलं ते तिच्या जनुकासाठी होतं.

अंडाशयाचा निर्णय

पोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्तचाचणी दर सहा महिन्यांनी केली तरी अंडाशयाचा कॅन्सर वेळेत पकडला जातो आणि जीव वाचतो, असं सिद्ध झालेलं नाही. तो बहुतेक वेळा पसरल्यावरच लक्षात येतो. म्हणून इथे काढून टाकण्याला बरोबरीचा पर्याय नाही. बीआरसीए-१ असेल तर मुलं झाल्यावर ३५ ते ४० या वयात आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ पर्यंत दोन्ही अंडाशय आणि दोन्ही बीजनलिका काढाव्यात, असा सर्वमान्य सल्ला आहे. त्याने अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो. आयुष्य वाढवण्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा असलेला उपाय हाच आहे.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं आणि बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी येतात. आधी सर्जनशी दोन गोष्टी नक्की करा. बीजनलिका पूर्ण काढल्या जाणार ना, कारण या कॅन्सरपैकी पुष्कळांची सुरुवात नलिकेच्या टोकाशी होते. आणि काढलेला भाग पॅथॉलॉजिस्ट बारीक काप करून पूर्ण तपासणार ना, कारण थोड्या स्त्रियांत तिथेच लपलेला लहानसा कॅन्सर सापडतो. ‘वाहक स्त्रीचं धोका कमी करण्याचं ऑपरेशन’ असं पॅथॉलॉजीच्या कागदावर लिहिलेलं असावं.

याची किंमत मोठी आहे आणि ती आधी कुणी नीट सांगत नाही. पाळी एका दिवसात कायमची जाते. अंगातून वाफा येणं, रात्री झोप मोडणं, चिडचिड, योनीचा कोरडेपणा, शरीरसंबंधांची इच्छा कमी होणं, पुढे हाडं ठिसूळ होणं आणि हृदयाचा धोका वाढणं. ‘आता या वयात काय करायचंय’ असं म्हणून हे झटकू नका. स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, हार्मोनच्या गोळ्या किंवा पॅच बहुतेक जणींना देता येतात. कॅन्सर होऊन गेला असेल तर सहसा देत नाहीत. मग वाफांसाठी हार्मोन नसलेली औषधं असतात. हाडांची डेक्सा चाचणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजचं चालणं आणि थोडं वजन उचलण्याचा व्यायाम हे ऑपरेशनच्या आधीपासूनच ठरवून ठेवा.

फक्त बीजनलिका आधी काढून अंडाशय नंतर काढावेत, या पर्यायाच्या चाचण्या अजून चालू आहेत. पस्तिशीत पाळी घालवायची तयारी नसलेल्या तरुण स्त्रीने याबद्दल विचारायला हरकत नाही, पण तो पूर्ण ऑपरेशनइतका सिद्ध मानू नये. अंडाशय काढल्याने स्तनाचा धोकाही निम्मा होतो असं पूर्वी सर्रास सांगत. नंतरच्या अभ्यासांनी त्यावर शंका घेतली आहे. स्तनांचा विचार म्हणून वेगळा करावा लागतो.

स्तन: देखरेख, गोळी की ऑपरेशन

देखरेख म्हणजे वाट पाहत बसणं नव्हे. नीट केली तर ती मेहनतीची गोष्ट आहे. वाहक स्त्रीसाठी साधारण वेळापत्रक असं: पंचविशीपासून दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी आणि वर्षातून एकदा स्तनांचा एमआरआय, तिशीपासून त्यात वर्षाला एक मॅमोग्राफी. एमआरआय आणि मॅमोग्राफी सहा-सहा महिन्यांच्या अंतराने केल्या तर मध्ये मोठी पोकळी राहत नाही. एमआरआय पाळीच्या सातव्या ते पंधराव्या दिवसांत घ्यावा, नाहीतर हार्मोनमुळे चित्र धूसर होतं. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारं औषध) द्यावं लागतं आणि पालथं झोपावं लागतं. सेंटरला आधी फोन करून स्तनांसाठीची खास कॉइल आहे का, हे विचारा. नुसती सोनोग्राफी एमआरआयची जागा घेऊ शकत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बाईला हे सगळं दरवर्षी झेपेल का, हा खरा प्रश्न आहे. जाण्यायेण्याचा खर्च, रजा, सोबत कोण, हे कागदावर मांडूनच पर्याय ठरवा. जी देखरेख तीन वर्षांनी बंद पडणार आहे तिच्या भरवशावर राहणं धोक्याचं.

देखरेखीने कॅन्सर टळत नाही, लवकर सापडतो. सापडला तर केमोथेरपीसुद्धा लागू शकते. शिवाय एमआरआयमध्ये अधूनमधून काहीतरी दिसतं, बायोप्सी होते, आणि काही निघत नाही. ते आठ-दहा दिवस फार जड जातात. दर वेळी असं हादरून जाणं सहन होत नाही, हे ऑपरेशन निवडण्याचं पूर्ण वाजवी कारण आहे.

टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षं घेतल्यास धोका कमी होऊ शकतो. बीआरसीए-२ मध्ये याचा आधार जास्त, बीआरसीए-१ मध्ये कमी, कारण त्यातले बरेच कॅन्सर हार्मोनवर वाढत नाहीत. रक्ताची गुठळी आणि पाळी गेलेल्या स्त्रीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर हे तिचे दुर्मीळ पण गंभीर धोके. ही गोळी चालू असताना गर्भ राहता कामा नये.

दोन्ही स्तन काढण्याच्या ऑपरेशनने स्तनाच्या कॅन्सरचा धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी होतो. यापेक्षा परिणामकारक काही नाही. पण चांगली देखरेख ठेवणारीपेक्षा ऑपरेशन करणारी जास्त जगते का, याचा पुरावा अंडाशयाच्या बाबतीत आहे तितका ठाम नाही. म्हणूनच मी दोन्ही अवयवांना एकाच तराजूत घालत नाही. स्तनांच्या बाबतीत तुमची इच्छा, तुमचा स्वभाव, तुमचं शरीराशी असलेलं नातं यांना मोठी जागा आहे, आणि नवरा, सासू, भाऊ यांच्यापैकी कुणाचंही मत तुमच्या मताच्या वर नाही.

ऑपरेशन ठरवलंच तर आधी एमआरआय करून घ्या, आणि प्लास्टिक सर्जनला स्तनांच्या सर्जनबरोबर एकत्र भेटा. त्वचा आणि बऱ्याचदा स्तनाग्रही राखता येतं. आकार सिलिकॉन इम्प्लांटने देता येतो किंवा पोटाच्या, पाठीच्या स्वतःच्या मांसाने. इम्प्लांट पुढेमागे बदलावं लागू शकतं. स्वतःच्या मांसाचं ऑपरेशन लांब चालतं आणि दुसरीकडेही व्रण राहतो. आकार न देता छाती सपाट ठेवणं हाही तितकाच मानाचा पर्याय आहे, तो सर्जनने सांगितला नाही तर तुम्ही विचारा. छातीची स्पर्शसंवेदना बरीचशी जाते, राखलेल्या स्तनाग्राचीसुद्धा. ड्रेनच्या नळ्या आठवडा-दोन आठवडे राहतात, आणि भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर, कडेवरचं मूल महिना-दीड महिना उचलायचं नाही. तंबाखू आणि मिश्री काही आठवडे आधीच सोडा. निकोटिनने रक्तपुरवठा कमी होऊन त्वचा काळी पडते, जखम भरत नाही.

कॅन्सर झाल्यावर जनुक कळलं तर

इथे क्रम बदलतो. आधी समोरचा कॅन्सर. जीवाला धोका आज त्याचा आहे, दुसऱ्या स्तनाचा नाही. ब्रिटनमध्ये चाळिशीपर्यंतच्या २,७३३ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात बीआरसीए दोष असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या एकूण जगण्यात फरक आढळला नाही. म्हणून पहिल्या ऑपरेशनबरोबरच दुसरा स्तन काढायची घाई करावीच लागते असं नाही. केमो, रेडिएशन पूर्ण करून, सावरून, मग ठरवता येतं. मात्र दुसऱ्या स्तनाचा धोका खराच आहे: पहिल्या कॅन्सरनंतर २० वर्षांत बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४० टक्के, बीआरसीए-२ मध्ये २६ टक्के. कॅन्सर लहान असेल, वय कमी असेल आणि बरं होण्याची आशा चांगली असेल तर दुसऱ्या बाजूचं ऑपरेशन जास्त सयुक्तिक ठरतं.

बीआरसीए असला तरी गाठ काढून स्तन राखणं आणि रेडिएशन घेणं चालतं. टीपी-५३ मध्ये मात्र रेडिएशन शक्यतो टाळतात, म्हणून तिथे जनुकाचा रिपोर्ट ऑपरेशनच्या आधी हवा. औषधांतही फरक पडतो. ओलापॅरिब ही गोळी बीआरसीए दोषाच्याच कमजोरीवर घाव घालते. हर-२ निगेटिव्ह (हर-२ प्रथिन वाढलेलं नसलेला) कॅन्सर आणि तो परतण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांत केमोनंतर ती वर्षभर दिल्याने कॅन्सर परतण्याचं प्रमाण घटल्याचं २०२१ मध्ये दिसलं. अशा प्रकारचा कॅन्सर असूनही चाचणी सुचवली गेली नसेल, तर ती स्वतः मागा.

लग्न, मूल आणि भाऊ

अठराच्या आत मुलींची बीआरसीए चाचणी करू नये. तोपर्यंत त्यांच्यासाठी करण्यासारखं काही नसतं, आणि माहिती घ्यायची की नाही हे सज्ञान झाल्यावर त्यांनी ठरवायचं. लग्न ठरवताना सांगावं का, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. पाहण्याच्या पहिल्या भेटीत सांगायला नको, पण सुपारी फुटायच्या आधी मुलानेच मुलीच्या तोंडून ऐकलेलं असावं, असं माझं मत आहे. पुढच्या प्रत्येक निर्णयात तो सोबत लागणार आहे.

मूल हवं असेल तर अंडाशयाच्या ऑपरेशनच्या वयावरून मागे मोजा. केमो सुरू होणार असेल तर त्याआधीच बीजांडं किंवा भ्रूण गोठवण्याबद्दल विचारा. टेस्टट्यूब पद्धतीत भ्रूणाची जनुकीय तपासणी करून दोष नसलेला भ्रूण ठेवता येतो, कायद्याने नोंदणी झालेल्या केंद्रातच. आणि आपल्याकडचा एक खास मुद्दा: मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांचं लग्न होणार असेल आणि घरात बीआरसीए-२ असेल, तर दोघांचीही चाचणी हवी. दोघांत दोष निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा गंभीर रक्ताचा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

भावांची चाचणी त्यांच्या मुलींसाठी हवीच, त्यांच्या स्वतःसाठीही हवी. विशेषतः बीआरसीए-२ असलेल्या पुरुषात प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त आणि आक्रमक असतो. चाळिशीपासून पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी आणि छातीत गाठ लागते का याकडे लक्ष, एवढं त्यांनी करावं.

पैसे आणि कागद

जनुकीय माहितीवरून आरोग्यविमा नाकारू नये असा अमेरिकेत २००८ साली कायदा झाला, तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणून निरोगी व्यक्तीने आरोग्यविमा चाचणीच्या आधी घेऊन ठेवणं शहाणपणाचं. अर्जात कॅन्सरचा घरातला इतिहास विचारला असेल तर खरं लिहा, नाहीतर पुढे दावाच बाद होईल. धोका कमी करण्याच्या ऑपरेशनला ‘आजार नाही’ म्हणून नकार येऊ शकतो. पूर्वमंजुरी लेखी मागा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा.

मूळ रिपोर्टच्या प्रती काढून बहिणी, चुलत आणि मामेभावंडांना द्या, परदेशात असलेल्यांनाही पाठवा. त्यावर जनुकाचं नाव आणि दोषाची पूर्ण संज्ञा असते. तेवढ्या एका ओळीवर त्यांची चाचणी कुठल्याही देशात होऊ शकते. तुमच्या फाइलमध्ये हा रिपोर्ट सगळ्यांत वर ठेवा, त्याखाली मागच्या एमआरआय आणि मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी, कारण नवीन चित्र जुन्याशी ताडून पाहिलं तरच लहान बदल दिसतो. वाढदिवसाच्या महिन्यात एक तपासणी आणि त्यापासून सहा महिन्यांनी दुसरी असं ठरवलं तर तारीख चुकत नाही.